रेनॉल्ड्सच्या चार विकथा

मराठी कादंबरीच्या इतिहासात जॉर्ज रेनॉल्ड्स हे नाव एका वाक्यापुरतं येतं. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ची, आणि ती रचताना त्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या लंडनवरच्या रहस्यकथेचा आधार घेतला, एवढं सांगून इतिहासकार 'पण लक्षात कोण घेतो?'कडे वळतात. त्या वाक्यात बहुधा एखादं विशेषणही असतं: 'सवंग', 'भडक', नाहीतर 'दुय्यम दर्जाचा'. कॉलेजात आम्हाला हे वाक्य असंच सांगितलं गेलं आणि आम्ही ते असंच वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला तेवढं पुरतं की.

पण हा दुय्यम दर्जाचा माणूस त्याच्या काळात कसा वाचला जात होता ते पाहा. १८७९ साली तो वारला, तेव्हा इंग्लंडातल्या पुस्तकविक्रेत्यांच्या पत्राने त्याला आपल्या काळातला सर्वांत लोकप्रिय लेखक म्हणून निरोप दिला. डिकन्स जाऊन तेव्हा नऊच वर्षं झाली होती. आज डिकन्सचं नाव शाळेतल्या मुलांना ठाऊक असतं आणि रेनॉल्ड्सचं नाव इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालेल्यांनाही समजावून सांगावं लागतं. हे एवढं विस्मरण आपोआप होत नाही. ते का झालं आणि त्यात काही न्याय आहे की नाही, हे पाहावं म्हणून गेल्या दोन पावसाळ्यांत मी त्याला वाचायला घेतलं. बेळगावचा पाऊस माणसाला घरात बसवतोच, आणि रेनॉल्ड्सला तेवढा वेळ लागतोच. जुन्या दोन कॉलमी बारीक छापाची ती पानं संगणकाच्या पडद्यावर मोठी करकरून वाचायची. डोळ्यांची परीक्षाच.

आधी माणूस सांगते. जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स, जन्म १८१४, केंट परगण्यातल्या सँडविच गावी. वडील आरमारात अधिकारी. मुलाला सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत घातलं. पण आईवडील दोघंही गेल्यावर पोरगा सोळाव्या वर्षी शाळा सोडून, वारशाचे पैसे घेऊन पॅरिसला गेला. १८३०च्या क्रांतीनंतरचं ते पॅरिस. तिथे त्याने लग्न केलं, पैसे उडवले आणि प्रजासत्ताकाची मतं डोक्यात घेऊन रिकाम्या खिशाने लंडनला परतला. दिवाळखोरी त्याच्या वाट्याला एकाहून अधिक वेळा आली. डिकन्सचा 'पिकविक' गाजत होता तोच याने त्या पात्रांना परस्पर फ्रान्सला नेऊन 'पिकविक अ‍ॅब्रॉड' लिहून टाकलं. परवानगी वगैरे काही नाही. मध्येच दारूबंदीवाल्यांचं पत्र चालवलं. डिकन्सला हा माणूस शेवटपर्यंत सहन झाला नाही, आणि त्याचं कारण नुसती ती उचलेगिरी नव्हती. ६ मार्च १८४८ रोजी ट्राफल्गर चौकात बंदी घातलेली सभा भरली, तेव्हा अध्यक्षपद घ्यायला रेनॉल्ड्स पुढे झाला. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा तो तिथून पुढारी झाला. १८५०मध्ये त्याने काढलेलं साप्ताहिक वृत्तपत्र, नावं बदलत का होईना, १९६७पर्यंत चालू होतं. कादंबऱ्या विस्मरणात गेल्यावरही त्याचं पत्र कामगारांच्या घरात येत राहिलं.

त्याचं मुख्य काम म्हणजे 'द मिस्टरीज ऑफ लंडन'. १८४४पासून दर आठवड्याला आठ पानांचा एक भाग, वर एक ठसठशीत लाकूडठशाचं चित्र, किंमत एक पेनी. कल्पना फ्रेंच लेखक यूजेन स्यू याच्या 'पॅरिसची रहस्यं'वरून घेतलेली. चार वर्षांनी प्रकाशकाशी बिनसलं, तेव्हा रेनॉल्ड्सने दुसरीकडे जाऊन 'द मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन' सुरू केलं आणि ते १८५६पर्यंत चालवलं. म्हणजे मधल्या उड्या धरून बारा वर्षं हा माणूस दर आठवड्याला लंडन सांगत होता. पेनी टाकणं ज्याला जड जाई तो चौघांत मिळून अंक घेई, आणि ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याकडून ऐके. आपल्याकडे पुराण ऐकायला बसत, तशातलाच हा प्रकार.

कथानक सांगायचं म्हटलं तर सांगता येत नाही, आणि सोडताही येत नाही. १८३१च्या जुलैमधली वादळी रात्र, स्मिथफील्डच्या गल्ल्यांत वाट चुकलेला एक सुंदर तरुण, एक पडकं घर, जमिनीतलं झाकण, आणि खाली वाहणारा काळा नाला. तो तरुण मुळात तरुणच नाही, वारशाच्या भानगडीसाठी पुरुषवेषात वावरणारी एलायझा सिडनी आहे, हे आपल्याला मागाहून कळतं. दुसरीकडे मार्कहॅम घराण्यातले दोन भाऊ. एक सरळ मार्गाने जायचं ठरवतो, दुसरा कसंही करून वर चढायचं ठरवतो. टेकडीवर दोन झाडं लावून ते बारा वर्षांनी तिथेच भेटायचं कबूल करतात. सरळ मार्गाने जाणारा रिचर्ड खोट्या नोटांच्या आळात अडकून निरपराध तुरुंगात जातो. वाकड्या मार्गाने जाणारा यूजीन नाव बदलून बडा भांडवलदार आणि पार्लमेंटचा सभासद होतो. शेवटी भेट होते ती कशी, ते वाचणाऱ्यासाठी ठेवते.

आता मी याच्याकडे कुठून पाहते ते सांगायला हवं. आमच्या घरी कादंबरीला सरसकट बंदी नव्हती, पण एक शब्द होता: विकथा. चातुर्मासात बायका ओसरीवर जमल्या आणि बोलणं भरकटलं की आजी म्हणायची, "पुरे गं, विकथा झाली." हा शब्द तिच्या पदरचा नव्हे. कुंदकुंदाचार्यांच्या 'नियमसारा'त वचनगुप्ती सांगताना ज्या कथा टाळायला सांगितल्या आहेत त्या या: स्त्रीची, राजाची, चोराची आणि भोजनाची. रेनॉल्ड्स वाचताना मला वारंवार हसू येत होतं. या माणसाने ही यादी समोर ठेवूनच कादंबरी मांडली की काय! राजवाडा, गुन्हेगारांचे अड्डे, ताटातलं अन्न आणि सुंदर बायका, या चार खांबांवर त्याचा सगळा मांडव उभा आहे.

पण याच परंपरेत दुसरीही एक बाजू आहे. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सम्यक्त्वाच्या पहिल्याच अंगाला उदाहरण कुणाचं दिलंय? अंजनचोराचं. गोष्ट चोराची, तरी तिला कुणी चोरकथा म्हणत नाही. कारण ती ऐकून उठणारा माणूस चोरीच्या रंगात रंगून उठत नाही, दुसरंच काही घेऊन उठतो. म्हणजे कथेचा विषय काय यावरून ती विकथा ठरत नाही. ती ऐकणाऱ्याला कुठे नेऊन सोडते यावरून ठरते. रेनॉल्ड्सला मी हीच कसोटी लावली. नैतिकतेचा उपदेश तो पानोपानी करतो, तो मी जमेस धरला नाही. उपदेश कुणीही करतो.

राजकथेपासून सुरुवात करू. हेन्री होलफर्ड नावाचा दारूच्या दुकानातला पोऱ्या बकिंगहॅम राजवाड्यात शिरतो आणि सोफ्याखाली लपून राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं बोलणं ऐकतो. राणी तेव्हा गादीवर होती, हे लक्षात घ्या. ही निव्वळ कल्पना नव्हती: जोन्स नावाचा एक पोरगा त्या आधीच्या वर्षांत खरोखरच वारंवार राजवाड्यात शिरला होता आणि वर्तमानपत्रांनी तो विषय चघळला होता. रेनॉल्ड्सने ती बातमी उचलली. तसंच टपालखात्याचं. १८४४मध्ये इटालियन देशभक्त मॅझिनीची पत्रं गृहमंत्र्यांच्या हुकमाने गुपचूप उघडली जातात, हे बाहेर आलं आणि पार्लमेंटात गदारोळ झाला. त्याच साली सुरू झालेल्या या कादंबरीत टपालखात्यातली एक गुप्त खोली आहे. तिथे सभ्य चेहऱ्याचे कारकून मेण सोडवून लोकांची पत्रं वाचतात आणि परत जशीच्या तशी चिकटवतात. हे प्रकरण वाचताना आजही अंगावर काटा येतो. राजकथेतला नेहमीचा मोह झगमगाटाचा असतो. इथे वाचकाला कळतं ते हे की सरकार आपलं पत्र वाचतंय. त्या पेनीत त्याला नागरिकशास्त्राचा धडाही मिळत होता.

चोरकथेत रेनॉल्ड्स याहून पुढे जातो. अँथनी टिडकिन्स हा त्याचा गाजलेला खलपुरुष, थडग्यांतून प्रेतं उकरून डॉक्टरांना विकणारा. असा माणूस इतरांनी रंगवला असता तर तो जन्मजात राक्षस झाला असता. रेनॉल्ड्स एका रात्री त्यालाच स्वतःची हकिगत सांगायला बसवतो. पोरवयात सरळ कामाला लागावं म्हणून तो दारोदार फिरतो. बापाच्या लौकिकामुळे कुणी उभं करत नाही. कायदा गरिबाला एक माप लावतो आणि प्रतिष्ठिताला दुसरं, हे तो जवळून बघतो. याने त्याचे गुन्हे माफ होत नाहीत, पुढेही तो तितकाच भयानक राहतो. पण त्याचं भय आता परकं उरत नाही.

त्याहून जास्त मला आवडली ती 'रॅटलस्नेक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईची हकिगत. ही कोळशाच्या खाणीत वाढलेली पोर. आधी अंधारात एकटीने बसून खाणीतली दारं उघडायची-मिटायची, मग कमरेला पट्टा आणि साखळी बांधून जनावरासारखं गाडं ओढायचं. १८४२मध्ये खाणीतल्या बालकामगारांविषयी सरकारी चौकशीचा अहवाल निघाला आणि त्याच साली बायका-मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना जमिनीखाली कामाला लावायची बंदी झाली. तो जाडजूड अहवाल शिंप्या-चांभारांपैकी किती जणांनी वाचला असेल? रेनॉल्ड्सने तो एका चोरट्या बाईच्या तोंडी घातला आणि घराघरात पोचवला. आज पत्रकार हे करतात तेव्हा आपण त्यांना बक्षिसं देतो.

भोजनकथा म्हणजे पंक्तीत काय काय वाढलं याची रसभरीत वर्णनं. तीही आहेत, श्रीमंतांच्या मेजवान्या आहेत. पण पहिल्या मालिकेत एके ठिकाणी तो गोष्ट बाजूला ठेवतो आणि चक्क कोष्टक मांडतो. राणीला वर्षाला पाच लाख पौंड, उमरावाला सरासरी तीस हजार, वरच्या धर्माधिकाऱ्याला साडेसात हजार, मध्यमवर्गीयाला तीनशे, आणि राबणाऱ्याला वीस. मग वाचकालाच विचारतो, हे बरोबर आहे का? कादंबरीच्या मध्यात कोष्टक! कलेच्या दृष्टीने हा दोष आहे म्हणाल तर असेल. आमच्या व्यापारी घरात जमाखर्च बघत वाढलेल्या मला ते पान सगळ्या पुस्तकातलं सर्वांत बोलकं वाटलं. आकडे त्याने पदरचे धरले असतील, ढोबळ असतील. पण आपली भूक दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात जमा होतेय, हे दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्या पाच ओळींत समजतं. १८५०च्या 'द सीमस्ट्रेस'मध्ये त्याने हाच हिशेब कथेत मुरवला. व्हर्जिनिया मॉरडाँट ही एकटी मुलगी रात्र रात्र जागून श्रीमंत बाईचा पोशाख शिवते. तो पोशाख हातोहात वर चढत जातो, प्रत्येक हात आपला नफा काढून घेतो, आणि शिवणारीच्या हातावर काही शिलिंग पडतात. कापड-धंद्यात दलालांची साखळी कशी चालते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. त्या साखळीत ज्यू दुकानदाराला खलनायक करण्याचा त्या काळचा सोपा मार्गही त्याने धरलाय, तेही सांगून ठेवते. भांडवलाला शिव्या देता देता एका जमातीला शिव्या देणं ही खोड आपल्याकडच्या लेखकांनाही नवी नाही; 'मारवाडी' हा शब्द मराठी कथेत कसा वापरला गेला ते आठवून पाहा.

राहिली स्त्रीकथा. इथे माझं आणि रेनॉल्ड्सचं जमत नाही.

आधी त्याच्या बाजूचं सांगते. एलन मन्रो ही 'मिस्टरीज'मधली एक नायिका. बाप देशोधडीला लागलेला, सुई चालवून पोट भरत नाही. एक म्हातारी तिला वाट दाखवते. आधी नुसता चेहरा, मूर्तिकाराला नमुना म्हणून. मग चित्रकाराला. मग गळ्याखालचा भाग, शिल्पकाराला. मग सगळं अंग. शेवटी जे विकायचं राहिलं होतं तेही, आणि घेणारा कोण तर तोच भांडवलदार, नाव बदललेला यूजीन. बाई पायरी पायरीने कशी विकली जाते, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून फार वेगळी कशी वाटत नाही, हे इतकं स्पष्ट मांडणारं दुसरं पुस्तक त्या दशकात मला दिसलं नाही. पुढे तिला मूल होतं. आणि मग? मग ती जगते. व्हिक्टोरियन कादंबरीत अशा बाईला मरावं तरी लागे किंवा बोटीत बसून दूर जावं लागे. गॅस्केलबाईंची रूथ शेवटी मरते, डिकन्सची एमिली ऑस्ट्रेलियाला जाते. रेनॉल्ड्सची एलन लंडनमध्येच राहते, नाटकात नाचते, पोराला वाढवते, आणि ज्याने बुडवलं त्याच्याशी ताठ मानेने हिशेब करते. याबद्दल त्याला मान द्यावा लागतो.

पण एलनच्या त्या पायऱ्या सांगताना लेखक कुठे उभा असतो? तो प्रत्येक पायरीवर थांबतो, वस्त्र कुठवर उतरलं ते सांगतो, खांदे, गळा, वक्ष यांची मोजदाद करतो, आणि मग वळून समाजाला शिव्या घालतो. एका हाताने पडदा बाजूला करायचा आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसायचे. स्नानाचे, निजण्याचे, आरशासमोरचे प्रसंग त्याच्याकडे इतके आहेत की आठ पानांच्या अंकात वरच्या चित्राला काहीतरी हवं म्हणून ते येतात, असा संशय येतो. भूक सांगताना, तुरुंग सांगताना, खाण सांगताना तो मला त्या माणसाच्या शेजारी नेऊन बसवतो. बाई आली की मला दाराच्या फटीशी उभं करतो. मी बाई आहे म्हणून हे मला टोचतं असं कुणी म्हणेल. टोचतंच. पण प्रश्न टोचण्याचा नाही. ज्या क्षणी मी एलनकडे फटीतून पाहते, त्या क्षणी मी तिच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी असते, आणि लेखकाला याची जाणीव असल्याचं एका ओळीतही दिसत नाही. माझ्या कसोटीवर चारांपैकी तीन कथा उतरल्या, ही चौथी उतरत नाही. ती विकथाच राहते.

गंमत अशी की उपाय त्याच्या हाताशी होता. १८५१-५२मध्ये त्याने 'मेरी प्राइस' लिहिली, एका मोलकरणीने स्वतःच सांगितलेली आपली जीवनकथा. 'मी' म्हणून. एका घरातून दुसऱ्या घरात कामाला जाणारी ही पोर मालकांची गुपितं बघते, ऐकते, आणि आपल्या तोंडाने सांगते. इथे फट तीच आहे, पण फटीतून बघणारी मोलकरीण आहे आणि आत बडे लोक आहेत. नजर उलटली की सगळं पुस्तकच बदलतं. भाषा साधी होते, मोजदाद कमी होते. त्याची बायको सुझॅना स्वतः कादंबरीकार होती. तिचं 'ग्रेटना ग्रीन' १८४८मध्ये आलं. ती आज त्याच्याहूनही जास्त विसरली गेली आहे. नवरा विसरला जातो तेव्हा निदान त्याच्यावर कुणीतरी संशोधन तरी करतं.

आता तो आपल्याकडे कसा आला ते. स्वस्त आवृत्त्यांच्या गठ्ठ्यांतून हा माणूस बोटीने हिंदुस्थानात उतरला आणि इथे असा रुजला की तिकडे त्याची आठवण पुसट झाल्यावरही इथे त्याचे वाचक होते. बंगाली, उर्दू, हिंदी, मराठी, सगळीकडे भाषांतरं आणि रूपांतरं. प्रेमचंदांनी आपल्या बालपणाविषयी लिहिताना सांगितलंय की उर्दूत रेनॉल्ड्सच्या भाषांतरांची तेव्हा धूम होती. प्रिया जोशी यांनी 'इन अनदर कंट्री' या २००२च्या पुस्तकात हिंदुस्थानातल्या वाचनालयांच्या नोंदी तपासून दाखवलं की इथल्या वाचकाने साहेबाने नेमून दिलेल्या थोर लेखकांपेक्षा रेनॉल्ड्ससारख्यांना जास्त जवळ केलं. साहेबाला याचं दुःख होई आणि आपल्या शिकल्यासवरल्यांना लाज वाटे. मला वाटतं, कारण सरळ होतं. शाळेतल्या पुस्तकात इंग्लंड हा शहाण्यांचा देश होता. रेनॉल्ड्सच्या पुस्तकात उमराव जुगारी होते, पाद्री लबाड होते, सरकार पत्रं फोडत होतं आणि लाखो माणसं उपाशी होती. राज्यकर्त्याच्या घरची ही बातमी त्याच्याच भाषेत, तीही स्वस्तात, मिळत असेल तर गुलाम देशातला कोणता वाचक सोडील?

मराठीत तोवर कादंबरी म्हणजे बहुतांशी 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांच्या वळणाच्या अद्भुतरम्य गोष्टी. 'यमुनापर्यटन' होतं, पण ते एकटंच. विशीतले हरिभाऊ आपटे पुण्यात बसून चालू काळाची, आपल्याच शहराची कादंबरी लिहू पाहतात तेव्हा त्यांच्यासमोर नमुना कोणता? डिकन्स होता, स्कॉट होता. पण शहर आजचं, माणसं आजची, आणि पुढच्या अंकापर्यंत वाचकाला धरून ठेवायचं, हे तिन्ही एकत्र रेनॉल्ड्सकडे मिळत होतं. 'मधली स्थिती'त अर्धवट सुधारणेच्या वाऱ्याने भरकटलेलं पुणं आहे. ही कादंबरी आज कुणी आवडीने वाचत नाही. तरी 'आज' हा कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे तिने मराठीला दाखवलं, आणि ते धैर्य कुठून आलं याचं श्रेय त्या एका वाक्यातल्या विशेषणाने झाकलं जातं.

पाच वर्षांनी, १८९०मध्ये, हरिभाऊंनी 'करमणूक' काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' सुरू केलं. साप्ताहिक, स्वस्त, दर आठवड्याला तुकडा, पुढच्या तुकड्याची वाट पाहणाऱ्या घरातल्या बायका: वाहन रेनॉल्ड्सचंच. आत मात्र यमू आहे, आणि यमू स्वतः बोलते. 'मेरी प्राइस' हरिभाऊंनी वाचली होती असा दावा मी करत नाही. मला तो करायचीही गरज नाही. मला दिसतं ते एवढंच की रेनॉल्ड्सकडून घेताना त्यांनी शहर घेतलं, अंक घेतला, आजचा काळ घेतला, आणि फट घेतली नाही. यमूचं केशवपन ही मराठी कादंबरीतली सर्वांत भयंकर घटना. रेनॉल्ड्सच्या हाती ती पडती तर वर चित्र आलं असतं आणि खाली सविस्तर वर्णन. हरिभाऊंकडे ती यमूच्या तोंडून येते, आणि आपल्याला बघत उभं राहायला जागाच उरत नाही. आपण तिच्या बाजूलाच असतो. स्त्रीकथा विकथा न होता कशी सांगावी, हा जो धडा गुरूला नीट पचला नाही तो शिष्याला पचला, तोही वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

मग रेनॉल्ड्स विसरला गेला तो न्यायाने की अन्यायाने? दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या असं मला वाटतं. ज्यांनी त्याला 'सवंग' म्हटलं त्यांना त्याची स्नानगृहं खुपली असं ते सांगत. पण त्यांना कोष्टक जास्त खुपलं असणार. अश्लीलतेच्या नावाखाली राजकारण बाजूला सारणं नेहमीच सोपं असतं. आणि पेनीचे अंक घेणाऱ्या वाचकाला पसंती-नापसंती असते हेच मुळात मान्य नसल्यावर त्याच्या आवडत्या लेखकाला इतिहासात जागा कोण देणार? अलीकडे, १९९०नंतर, इंग्लंड-अमेरिकेतल्या अभ्यासकांनी त्याला पुन्हा बाहेर काढलंय. अ‍ॅन हम्फरीज आणि लुई जेम्स यांनी संपादित केलेला त्याच्यावरचा लेखसंग्रह २००८मध्ये आला. बरं झालं. पण उत्साहाच्या भरात आता त्याला थेट क्रांतिकारक कलावंत ठरवायची घाई दिसते, तिथे मला एलनची आठवण करून द्यावीशी वाटते.

वाचायचा असेल तर सगळा वाचू नका, आयुष्य थोडं आहे. 'मिस्टरीज ऑफ लंडन'ची पहिली मालिका घ्या. टिडकिन्सची हकिगत, रॅटलस्नेकची हकिगत, टपालखात्यातली ती खोली आणि ते कोष्टक, एवढं चुकवू नका. मग जमलं तर 'मेरी प्राइस'. एलनची प्रकरणंही वाचा, पण वाचताना आपण कुठे उभ्या आहोत याकडे लक्ष असू द्या. आणि मराठी कादंबरीचा इतिहास पुन्हा कधी कुणी लिहायला घेतला, तर रेनॉल्ड्सला निदान एक परिच्छेद द्यावा, त्यात हे सगळं यावं, आणि ते विशेषण वाचकावर सोडून द्यावं.